गोपाळचं शिक्षण बघायला सुप्याच्या रानात

सुप्याच्या रानात हौसेनं कुणी जात नाही. सरकारी कारकुनाची तिकडं बदली झाली की त्याच्या घरी माणसं सुतकाला आल्यासारखी भेटून जातात. गेलेला माणूस हिवतापानं पिवळा होऊन परततो, असं आमच्याकडं सगळेच सांगतात. मी मात्र गेलो, आणि तेही एका माणसाच्या हेव्यापायी. प्रवासाची हकिगत लिहिणारे आधी डोंगर-नद्यांचं कौतुक करतात. मी आधी गोपाळचं नाव घेतो, कारण जाताना अख्ख्या वाटेवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गोपाळ आणि मी खानापूरच्या बाजूच्या आमच्या गावी वाचनालयात बरोबरीनं कामाला लागलो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, झटकायची, वाळवीपासून राखायची. माझं वाचन त्याच्यापेक्षा जास्त, अक्षर चांगलं, आवाज तर विचारूच नका. गावच्या नाटकात राजाचं काम माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कधी मिळालं नाही. मग तिकडं लांब एका संस्थानात ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग निघाला. पुस्तकांची वर्गवारी कशी करायची, प्रत्येक पुस्तकाचा पत्ता म्हणजे जाड कागदाचं कार्ड कसं लिहायचं, पेट्या घेऊन खेडोपाडी कसं फिरायचं, सगळं तिथं शिकवतात. आमच्या वाचनालयाला एका दानशूर माणसानं एवढ्याचसाठी पैसे ठेवले. अट अशी की वर्गाची फी, आगगाडीचं भाडं, खानावळ, हा खर्च जाणाऱ्यानं आधी स्वतः करायचा. परत येऊन वर्षभर सुप्याच्या रानात वाचनालयाची शाखा चालवायची. वर्गात शिकवलेल्या पद्धतीनं काम चाललंय अशी वाचनालयाच्या मंडळाची खात्री पटली, की मग खर्च भरून मिळायचा.

मंडळानं गोपाळला निवडलं. का, ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही. त्यानं दोन म्हशी विकल्या आणि गेला. तिथून त्याची पत्रं यायची, ती अण्णासाहेब, म्हणजे आमचे चिटणीस, सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी कोपऱ्यात बसून पुस्तकांना पुठ्ठे लावायचो. त्या दिवसांत खळ जरा जास्तच घट्ट व्हायची.

वर्ग संपवून गोपाळ सुप्याला गेला, आणि तिथलं वर्ष सरलं तेव्हा अण्णासाहेबांनी मला बोलावलं. "दत्तू, सुप्याला जाऊन ये. गोपाळनं खर्च मागितलाय. शिकला ते तिथं चालवतो का, एवढं डोळ्यांनी बघून ये. तू सांगशील ते मंडळ मानेल. आणि ह्या शिक्षणाचा खरंच उपयोग होतो असं दिसलं, तर पुढच्या साली दुसऱ्या माणसाला पाठवता येईल."

दुसरा माणूस म्हणजे मीच की! गोपाळ सोडला तर वाचनालयात पगारी माणूस मी एकटा. आता बघा माझी काय गोची झाली ती. गोपाळचं वाईट सांगावं तर माझीच वाट बंद, आणि चांगलं सांगावं तर माझ्याच्यानं ते तोंडातून निघेना.

लोंढ्यापासून पुढं

लोंढ्याला आगगाडीतून उतरलो आणि जगलबेटकडं निघालेल्या एका बैलगाडीत बसलो. मार्गशीर्ष लागला होता. आमच्याकडं या दिवसांत शेतं उघडी पडतात आणि लांबवर गावं दिसतात. इथं गाव दिसतच नाही. साग, ऐन, बांबूची बेटं, मध्येच टाचभर भाताचं शेत, त्यात राखणीचा एक माचा, की परत रान. डोक्यावरून धनेश पक्षी गेला तेव्हा पंखांचा एवढा आवाज झाला की मी गाडीत खाली वाकलो. गाडीवान हसला.

"सुप्याला वाचनालय कुठं आहे हो?" मी त्याला विचारलं.

"गोपाळदादाचं व्हय? हाय की. नदीच्या वर."

झालं! आमच्या गावात वाचनालय कुठं विचारलं तर लोक 'देवळामागं' म्हणतात. 'दत्तूचं' म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. पुढं जगलबेटला एका घरी आंबील प्यायलो, ती चांगली होती, पण ती देणाऱ्या बाईनंही "गोपाळदादाकडं निघालासा?" असं विचारलं आणि माझी तहान गेली.

सुप्याला काळी आणि पांढरी अशा दोन नद्या मिळतात. पांढरीत पाणी गुडघ्याएवढं होतं, पण दगड शेवाळलेले. गाडीवानानं आधीच सांगितलं होतं, वहाणा हातात घ्या. मी घेतल्या नाहीत. मधोमध पाय घसरला, मी बुडता बुडता वाचलो आणि उजवी वहाण पाण्याबरोबर कारवारकडं निघून गेली. अशा रीतीनं मंडळाचे तपासनीस एका वहाणेनं लंगडत गोपाळच्या दारात हजर झाले.

गोपाळ धावत आला. पिवळा पडला होता, गालफडं बसली होती. "दत्तू, अरे तू! कळवलं का नाहीस?" म्हणत त्यानं माझा पाय बघितला आणि आपल्या वहाणा काढून माझ्यापुढं ठेवल्या. त्या मला बरोबर बसल्या, याचासुद्धा मला राग आला.

सुपा

गोपाळचं वाचनालय म्हणजे एक खोली. कुडाच्या भिंती, वर गवत, शेणानं सारवलेली जमीन. आत एक फळी आणि तिच्यावर पुस्तकं. मी आल्या आल्या एक उघडलं. पानांत भाताचा कोंडा निघाला. दुसऱ्याला तेलाची बोटं. तिसऱ्याच्या पुठ्ठ्यावर हळद. माझं मन कसं टुणकन उडालं म्हणून सांगू!

"पत्ते कुठायत?" मी विचारलं.

"केले होते. पेटीत आहेत."

"आणि वर्गवारी? इतिहास, चरित्र, शास्त्र, असे आकडे घालून?"

गोपाळनं फळीकडं बोट केलं. "ही एका सांजेची पुस्तकं. ही दोन सांजांची. आणि ही जाड, ती मळणीच्या दिवसांतली."

मला वाटलं याचा ताप डोक्यात गेलाय. मग त्यानं समजावून सांगितलं. इथल्या कुणबी वाड्यांवर वाचता येणारं माणूस शोधून सापडत नाही. पुस्तक घरी नेऊन करायचं काय? पहिल्या महिन्यात पत्त्यांचा गठ्ठा घेऊन तो दारोदार फिरला, लोकांनी पाटावर बसवून पेज दिली आणि पुस्तक परत दिलं. शेवटी एका घरी त्यानं बसल्या बसल्या गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या घरातला एक माणूस कोयता घेऊन त्याच्या दारात उभा. म्हणाला, काय काम हाय सांगा.

"इथं पैरा चालतो," गोपाळ म्हणाला. "आज मी तुझ्या शेतात राबलो, की उद्या तू माझ्या शेतात. मी त्यांच्या घरी एक सांज वाचलं, म्हणजे त्यांनी माझ्याकडं एक दिवस राबायचं. नको म्हटलं तर राग येतो त्यांना. म्हणून पुस्तक मागताना आधी विचारतात, किती सांजांचं? घरात तेवढी माणसं मोकळी असतील तरच मोठं मागतात. मग मी पुस्तकं तशीच लावली. या भिंती कुंभारवाड्याच्या लोकांनी घातल्या, गवत नंदिगड्ड्याहून आलं."

आमच्या वाचनालयाच्या छपराची कौलं बदलायला मंडळ किती वर्षं नुसतं बोलतंय! मी लगेच विचारलं, "पण हे वर्गात शिकवतात का?"

"नाही."

"मग शिकवलेल्या पद्धतीनं काम चाललंय असं मी कसं सांगू?"

गोपाळ म्हणाला, "ते तुझं तू बघ. पण दत्तू, म्हशी विकल्यापासून गावी घरात दूध नाही रे. बायको भावाच्या घरून ताक आणते आणि तिथं तिला बोलणी खावी लागतात. खर्च मिळाला तर आधी म्हैस घेईन म्हणून सांगून ठेवलंय तिला."

दुपारी त्याला हिव भरलं. घोंगड्याखाली थडथडत होता. हिवतापावरचं कोयनेल घेऊन घेऊन कान वाजतात म्हणाला. त्या दिवशी कुंभारवाड्याच्या पुरसोच्या घरी त्याचं वाचन ठरलेलं होतं आणि न्यायला पुरसो येऊन उभाही राहिला होता. तिशीचा, उघडाबंब, कमरेला कोयता.

"दत्तू, तू जा," गोपाळ दात वाजवत म्हणाला. "तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि तुला काम बघायचंच आहे ना?"

एवढं एकच शहाणपणाचं वाक्य त्या दिवशी तो बोलला. मी मनात म्हटलं, थांबा लेको, वाचन कशाला म्हणतात ते दाखवतो आता.

कुंभारवाडा

पुरसो पुढं आणि मी मागं. तो चालत होता की पळत होता, मला कळेना. कुंभारवाडा म्हणजे आपण म्हणतो तसं गाव नव्हे. एक घर या टेकाडाखाली, दुसरं त्या ओहोळापलीकडं. शेजाऱ्याला हाक मारायची तर दमदार छाती पाहिजे. पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि खळ्याच्या कडेला पुरसोची आई बसलेली. सगळं घर तिला अव्वा म्हणे.

"गोपाळदादा न्हाई आलं?" तिनं पहिलंच विचारलं.

"ताप आलाय त्यास्नी. हे मास्तर त्येंच्या गावचं हाईत," पुरसो म्हणाला.

अव्वानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. बसा. खावा."

खायला उकडलेली कणगी आली, रताळ्यासारखा कंद, पण जास्त पिठूळ. बरोबर लाल भाताची पेज आणि एक तांबूस आंबट चटणी. फार झकास. दोनदा मागून घेतली, मग विचारलं कशाची. "तांबड्या मुंग्यांची," अव्वा म्हणाली. घास तोंडातच राहिला. पण चव तोंडात बसली होती, काय करता? खाल्ली. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आजूबाजूच्या घरची माणसंही जमली. मी एका सांजेचं म्हणून फळीवरून घेतलेलं पुस्तक काढलं. गोष्ट एका नावाड्याची. पुरात तो बायकोला पलीकडच्या काठावर पोचवतो, दुसरी खेप आणायला परत फिरतो, आणि नाव वाहून जाते. मी नाटकातला आवाज लावला. पुराचं वर्णन असं वाचलं की खळ्यावरची कुत्री भुंकायला लागली. हातवारे केले, उसासे टाकले, प्रत्येक वाक्यानंतर थांबलो. एवढ्या थाटात वाचल्यावर व्हायचं तेच झालं. अर्धं पुस्तक संपेपर्यंत माझा घसा बसला. पोरं पेंढ्यांवर झोपून गेली होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "बाकीचं पुन्हा कधीतरी."

कुणी जागचं उठेना. आमच्याकडं अर्धी वाचलेली पुस्तकं रोज परत येतात, त्यात विशेष काही नाही.

"एका सांजंचं म्हणालासा न्हवं?" अव्वानं हळूच विचारलं.

"मास्तर दमलं असतील," पुरसो म्हणाला, आणि माणसं उठून गेली. तिथंच घोंगड्यावर पडल्या पडल्या मी म्हटलं, बघ दत्तू, गोपाळच्या वाचनाला काही या लोकांनी टाळ्या पिटल्या नसणार.

अणशीच्या वाटेवर

अणशीलाही गोपाळची वाचनाची घरं होती, ती बघायची होती. सकाळी बांबू तोडायला निघालेली चार-दोन माणसं मिळाली, त्यांच्याबरोबर निघालो. पुरसो खळ्यावर बैल जुंपत होता, त्याला हाक मारून सांगितलं आणि वाटेला लागलो. वाट सुंदर होती, झाडांच्या शेंड्यांवरून धुकं खाली सरकत होतं, पण मी काय बघत होतो म्हणता? मंडळापुढं काय बोलायचं याची मनात जुळणी चालली होती. पत्ते पेटीत, पुस्तकांना तेल, वर्गवारी नाही. यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि मला तो पुन्हा पुन्हा म्हणून बघायला बरं वाटत होतं.

एवढ्यात मागनं हाक आली. "ओ मास्तर! ओ बुकवालं! थांबा की वो!"

पुरसो धावत येत होता. अंगाला भुसा चिकटलेला, घामाघूम. मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं.

"काय रे, अव्वाला काय झालं?"

"अव्वाला काय बी झालं न्हाई. पर झोप न्हाई तिला. त्यो नावाडी गावला का न्हाई?"

"काय?"

"शेवट आणाय धाडलंय मला. अर्धंच वाचून गेलासा की वो तुमी!"

"मळणी टाकून आलास?"

"बैल सोडून आलोय. अव्वा म्हणाली, मळणी उद्या करशील, ते मास्तर उद्या कुठं गावायचं?" मग तो जरा चिडूनच म्हणाला, "आनि पैरा कसा फेडायचा? अर्ध्या सांजंला अर्धा माणूस धाडू व्हय मी?"

बरोबरची माणसं थांबली नाहीत, 'पुढं येऊन मिळा' म्हणून गेली. आम्ही ओहोळाच्या काठी एका दगडावर बसलो. मी पुस्तक काढलं. नाटकातला आवाज कुठं गेला कोण जाणे, निघालाच नाही. समोर एकच माणूस, तोही धापा टाकणारा, त्याच्यापुढं हातवारे कसे करणार? साधंच वाचलं. नावाडी खाली कुठंतरी लागतो, जगतो, वर्षानुवर्षं भटकतो, आणि शेवटी त्याच नदीवर पुलाच्या कामाला मजूर म्हणून येतो. दाढी वाढलेली, केस पिकलेले. बायको रोज त्याच्या पुढ्यातून पाणी नेते, पण ओळखत नाही. एक दिवस तो पलीकडच्या मजुराला नावाड्याची हाक घालतो, तशी तिच्या हातातली घागर खाली पडते.

पुरसो ओठ हलवत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "घागरीचं परत वाचा." मी परत वाचलं. मग म्हणाला, "आता म्या सांगतो. चुकलं तर धरा मला." आणि त्यानं सगळं सांगितलं, पुलासकट, दाढीसकट. नावाड्याची हाक तर त्यानं अशी घातली की रानातून तिचा पडसाद आला. पुस्तकात ती हाक नुसती 'हाक मारली' एवढीच आहे.

"बराबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग आता अव्वा रडणार बघा. गोपाळदादा वाचतात तवा कायम रडती ती. तुमचं ऐकून काल रडली न्हाई, म्हणून म्हटलं काय तरी ऱ्हायलंय." एवढं बोलून त्यानं माझी वळकटी उचलून खांद्यावर टाकली आणि अणशीपर्यंत पोचवायला निघाला. मी नको म्हटलं तेव्हा त्यानं असं बघितलं की मी निमूट मागं चालू लागलो. अणशीत वळकटी उतरवून, पाणीही न पिता, "फिटलं," म्हणाला आणि शेवट घेऊन आल्या वाटेनं परत पळाला.

मी तिथंच एका झाडाखाली बसून राहिलो. सरळच लिहितो. इतका हेवा मला जन्मात कुणाचा वाटला नव्हता. गोपाळची निवड झाली तेव्हाही नाही. इतकी वर्षं पुस्तकांत काढली, पण पुस्तकाचा शेवट मागत माझ्यामागं कुणी धावलं नव्हतं. आणि आज धावलं, तेसुद्धा गोपाळनं लावलेल्या सवयीपायी! रडायला येत होतं, आणि कुणाला तरी ही गोष्ट कधी एकदा सांगतो असंही झालं होतं. दोन्ही एकदमच.

परतताना सुप्याला थांबलो. गोपाळचा ताप उतरला होता. निघताना त्यानं एकदाच विचारलं, "मग?"

"पुस्तकांना तेल लागलंय," मी म्हटलं आणि गाडीत बसलो.

मंडळापुढं

सभा अण्णासाहेबांच्या ओसरीवर भरली. मी वाटेत जुळवलेलं सगळं म्हणून दाखवलं. पत्ते पेटीत, पुस्तकांना तेल, वर्गवारी सांजांवरून.

"म्हणजे वर्गात शिकवलं तसं नाही," एक सभासद म्हणाले. "अट मोडली. खर्च देता येत नाही. आणि असल्या शिक्षणाला पुन्हा माणूसही पाठवायला नको."

दोन्ही दारं माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली. मी उठून वहाणा घालायला गेलो. त्या वहाणा गोपाळच्याच होत्या. पण त्यांचं सोडा. माझ्या कानांत ती नावाड्याची हाक होती, आणि ती कुणाला सांगितल्याशिवाय मला घरी जाववेना. मी परत येऊन बसलो आणि बोलायला लागलो. अव्वाची झोप, सोडलेले बैल, अर्धा माणूस, दगडावर परत म्हणून दाखवलेला शेवट, सगळं. हाकही घालून दाखवली, शेजारच्या घरातून माणसं डोकावली.

"पुस्तकं लावताना घेणाऱ्याला काय शोधायचंय ते बघायचं, एवढं तो वर्गात शिकला," मी म्हटलं. "तिथल्या लोकांना सांजा शोधायच्या असतात. त्यानं त्याप्रमाणं लावली. शिकला नसता तर पुस्तकं पेटीत आणि तो घोंगड्यात, एवढंच झालं असतं. त्याचा खर्च द्या. आणि हे मी म्हणतोय, मी! मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो हे इथं कुणाला ठाऊक नाही?"

ओसरीवर हशा झाला. मघाचे ते सभासदसुद्धा हसले. गोपाळचा खर्च तिथल्या तिथं मंजूर झाला.

मी जरा पुढं सरकलो. मग विचारलं, "आणि पुढच्या साली दुसरा माणूस...?"

"दत्तू, तू तर आमचे डोळे उघडलेस!" अण्णासाहेब म्हणाले. "शिकवणारा माणूस आपल्या घरचाच तयार झालाय, आता तिकडं एवढ्या लांब कशाला पाठवायचं? गोपाळ अजून वर्षभर सुप्याला राहील आणि दुसरा माणूस त्याच्या हाताखाली शिकेल. भाडं, खाणं मंडळ आधीच देईल. तुझी इच्छा असेल तर तू जा. नसेल तर शाळेतला तो नवा मास्तर विचारत होता, त्याला पाठवू."

गोपाळच्या हाताखाली! मी, राजाचं काम करणारा, त्या हिवतापात त्याच्यापुढं पाटी घेऊन बसू? माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. नाही म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात मला तो नवा मास्तर दिसला, कुंभारवाड्याच्या खळ्यावर बसलेला, मांडीवर पुस्तक, समोर डोळे पुसणारी अव्वा.

"मी जातो," मी म्हटलं.